नेलपॉलिशखालचा स्क्रू

सर्व्हर बैठकीच्या खोलीत ठेवायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवले होते. गाणी साठवणाऱ्या यंत्राची घरघर गाणी ऐकणाऱ्याच्या कानावर पडू नये, हा साधा नियम आहे. म्हणून पंखा नसलेला छोटा संगणक घेतला आणि त्यात एकसारख्या दोन डिस्क बसवल्या. एक गेली तरी दुसरीवर सगळे शाबूत राहावे. तो मागच्या खोलीतल्या कपाटात, वरच्या फळीवर, हवा खेळेल अशा बेताने ठेवला. तिथून भिंतीच्या कडेकडेने तार आणली. बिनतारी जोडणी सोपी असते, पण मला तार दिसलेली बरी वाटते. तार संपते तिथे स्ट्रीमर, म्हणजे सर्व्हरकडून हवे ते गाणे मागवून घेणारी चपटी पेटी. तिच्यापुढे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा डबा, मग ॲम्प्लिफायर, मग दोन स्पीकर. स्पीकर आणि ताईची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण जमला पाहिजे, म्हणून ती बसलेली असताना जमिनीपासून तिच्या कानाची उंची मोजली. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर भरली. स्पीकरचे स्टँड त्या मापाने कापून घेतले.

"माणसाचा कान मोजून सुतारकाम करणारे तुम्ही एकटेच," बायको म्हणाली. "वन्सं, हलू नका हं, नाहीतर स्टँड पुन्हा कापायला नेतील."

ताई म्हणाली, "नंतर."

ताई माझी थोरली बहीण. तिचे सारे आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले. कानाला हेडफोन आणि तोंडात एकच वाक्य, 'लाइन व्यस्त आहे, नंतर करा.' चार महिन्यांपूर्वी एका सकाळी तिच्या हातातला कप पडला. उजवा हात गेला, आणि त्याच्याबरोबर बोलणे गेले. एकतीस वर्षांच्या त्या वाक्यातला एकच शब्द मागे राहिला. चहा हवा का? नंतर. दुखतेय का? नंतर, नंतर. पडदा ओढू का, उजेड येतोय? यावर डोळ्यांत पाणी आणून, हात हलवत, चिडून: नंतर! तिला काय म्हणायचे आहे ते तिला पक्के ठाऊक असते. आम्हालाच ओळखावे लागते. दिवसभर ओळखत राहण्याने जो थकवा येतो, तो जिना चढण्याच्या थकव्यासारखा नसतो. तो बसूनही उतरत नाही.

आठवड्यातून दोनदा वाचा-उपचाराच्या बाई येत. वयाने तरुण, काखेत चित्रांची फाइल, पायांत सदा घाई.

"बोलणं मेंदूच्या ज्या बाजूला असतं ती दुखावलीय, काका," त्यांनी सांगितले होते. "गाणं बरंचसं दुसऱ्या बाजूला असतं. गाण्याच्या पाठीवर बसून कधी कधी शब्द बाहेर येतात. मग त्यातलाच एखादा सुटा करून रोजच्या वापरात आणायचा. पण गाणी अंगात मुरलेली हवीत. नवी नकोत."

"आणि मुदत?"

"पहिले सहा महिने मोलाचे. त्यातले दोन तर गेलेच."

हे ऐकून मी कामाला लागलो. मला दुसरे काही येत नाही. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून निवृत्त होईपर्यंत मी कारखान्यात दाबमापकांची आणि तापमापकांची तपासणी केली. कोणता काटा किती खोटे बोलतो, हे शोधून त्याला वळणावर आणणे हा माझा धंदा. बोलणे परत आणण्याचे माप माझ्याकडे नव्हते. ऐकण्याचे होते.

ताईची निळी वही काढली. तिच्या गोल अक्षरांत लिहून घेतलेली सेहेचाळीस गाणी. लग्न तिने केले नाही. ही वही आणि दारातल्या चार कुंड्या एवढाच तिचा संसार. वहीच्या शेवटच्या पानात घडी घातलेला एक कागद निघाला. एका वाद्यवृंदाने घेतलेल्या चाचणीचा तो निकाल: 'आवाज गोड. स्वर अस्थिर. दिलेल्या पट्टीत राहत नाही. निवड नाही.' ताई तेव्हा पंचविशीत होती. साथीच्या वादकांनी हसत हसत विचारले होते, "बाई, तुम्ही नक्की कुठल्या पट्टीत गाता? आमच्या वाद्यात ती नाही." हा किस्सा तिनेच घरी येऊन सांगितला होता आणि आम्ही सगळे हसलो होतो. त्यानंतर ती फक्त स्वयंपाकघरात गायली. मी कागद होता तसा घडी घालून ठेवला.

सेहेचाळीसही गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांवरून केलेल्या उत्तम प्रती मिळवायला सहा आठवडे लागले. प्रत्येक गाण्याला नाव, गायिका, वहीतला पान क्रमांक अशी माहिती जोडली. सर्व्हर आणि स्ट्रीमर यांच्यामध्ये काहीही बदलणार नाही, एका आकड्याचाही फरक पडणार नाही, अशी व्यवस्था केली. आवाज घुमवणारी, गोड करणारी, वरखाली करणारी सगळी सोय मी स्वतः बंद केली. जे मुद्रित झाले तेच ताईच्या कानात, एवढे एकच तत्त्व.

पहिल्या दिवशी वहीतले पहिलेच गाणे लावले. 'वळणावर थांबले मी, दिवा हाती घेउनी.' गायिकेने ओळीपूर्वी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि गाणे संपेपर्यंत दारात उभी राहिली. माझ्या कामाला तिच्याकडून मिळालेली ही सर्वांत मोठी पावती.

बाईंनी ताईचा डावा हात धरून तालावर थोपटायला सुरुवात केली. ताईचे डोळे मोठे झाले. ओठ उघडले. 'व' असा काहीतरी आवाज निघाला, आणि लगेच तिच्या कपाळावर आठी पडली. चप्पल उलटी घातल्यावर पडते तशी. तिने मान हलवली, तोंड मिटले.

"नंतर."

"पहिलाच दिवस आहे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तेच. गाणे दुसरे, आठी तीच. मी दोष माझ्याकडे घेतला. खोली घुमते आहे म्हणून जाड पडदे लावले. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. एके दिवशी ॲम्प्लिफायर बदलून पाहिला. बायकोने पडद्यांकडे पाहून विचारले, "आता खिडकी कुठं होती ते कुणाला आठवतंय का?"

सातव्या खेपेनंतर बाई चपला घालता घालता थांबल्या.

"काका, आणखी चार वेळा बघू. नाहीतर चित्रांचा तक्ता सुरू करू. तहान लागली की पेल्यावर बोट, झोप आली की पलंगावर बोट. सवय होते मावशींना."

"म्हणजे बोलणं?"

"तक्ता हेही बोलणंच आहे हो."

तसे ते असेलही. पण तक्ता आणायचा म्हणजे शब्दांचा नाद सोडायचा, हे त्यांनी न बोलता सांगितले आणि मला ते कळले. ज्या बाईने एकतीस वर्षे लोकांचे बोलणे लोकांशी जोडून दिले, तिने पेल्यावर बोट ठेवायचे. त्या दुपारी मी यंत्र सुरूच केले नाही. खरे सांगायचे तर मला त्याचा कंटाळा आला होता. त्या निळ्या दिव्याचा, माझ्या याद्यांचा, आणि क्षणभर, सांगायला लाज वाटते, ताईचासुद्धा.

दोन दिवसांनी सकाळी बायको हलक्या पावलांनी मागच्या खोलीत आली आणि माझ्या बाहीला धरून कुजबुजली, "अहो, या. चप्पल वाजवू नका."

ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून डाव्या हाताने मटार सोलत होती. एक शेंग टेबलाच्या कडेला दाबायची, फोडायची, दाणे भांड्यात. आणि ती गुणगुणत होती. तोंड मिटलेले, शब्द नाहीत; पण चाल वळणावरच्या त्या गाण्याची, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता.

"बघा," बायको कुजबुजली. "तुमचं यंत्र बंद असलं की गातात."

मला ते लागले. पण ती सांगत होती ते निरीक्षण होते, आणि निरीक्षणावर रागवायचे नसते. मी फोनमधले सूर मोजणारे ॲप सुरू करून फोन टेबलावर ठेवला. ताईचा पहिला स्वर पेटीवरच्या काळी दोन आणि तिच्या शेजारची पांढरी तीन यांच्या बरोबर मध्ये पडला. जिथे वाद्याला पट्टीच नसते तिथे. वादक हसले होते ते आठवले. मागच्या खोलीत जाऊन मूळ गाणे कानाला लावून मोजले. ते चोख काळी दोनमध्ये होते.

आजारी माणूस, सुटलेला सूर, असे म्हणून मी सोडून दिले असते. पण दुसऱ्या दिवशी तिने दुसरे गाणे गुणगुणले. तेही मूळ गाण्यापेक्षा तेवढेच वर. तिसरे गाणे, तेवढेच वर. मी आकडे एकाखाली एक लिहिले आणि पाहत बसलो. आयुष्यभर मी हेच केले होते. ज्या काट्याची चूक रोज वेगळी, तो काटा बिघडलेला. ज्याची चूक रोज तेवढीच, तो काटा निर्दोष असतो; कुणीतरी त्याला चुकीच्या जागी बसवलेले असते. ताईचा स्वर अस्थिर नव्हता. इतका स्थिर काटा मी कारखान्यातही क्वचित पाहिला होता. फक्त तिला त्या जागी कुणी बसवले, एवढेच शोधायचे होते.

ती गाणी शिकली कुठून? गुरूकडून नाही. आमच्या घरच्या टेपरेकॉर्डरवरून.

तो माळ्यावर होता, जुन्या चादरीत. त्याचा रबरी पट्टा चिकट काळ्या चिखलासारखा झाला होता. तो खरवडून काढला, मापाचा नवा बसवला. कारखान्यातून निरोप घेताना आणलेल्या सामानात चाचणीची एक कॅसेट होती; तिच्यावर सेकंदाला तीन हजार कंपनांचा एकच सरळ सूर भरलेला. ती लावली. फोनवर आकडा आला तीन हजार नव्वद. थांबून पुन्हा लावली. तीन हजार नव्वद. रेकॉर्डर तीन टक्के जलद चालत होता, आणि तीन टक्के म्हणजे बरोबर त्या दोन पट्ट्यांमधले अर्धे अंतर. घरी भरलेल्या कॅसेटीत हे कळले नसते, कारण भरताना आणि वाजवताना चूक एकच असल्याने ती फिटून जाते. पण ताईच्या सगळ्या कॅसेटी बाजारातून आणलेल्या होत्या.

मोटरच्या पाठीवर वेगाचा छोटा स्क्रू असतो. तो पाहायला मागचे झाकण उघडले आणि बॅटरीचा उजेड टाकला. स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका होता. वाळलेले नेलपॉलिश.

ते ताईचे होते. तिच्याकडून मागून घेऊन मीच लावले होते.

मी एकोणीस वर्षांचा होतो. तंत्रनिकेतनातले पहिले वर्ष, खिशात सदैव पाना, म्हणून ताईने माझे नाव 'पान्या' ठेवलेले. रेकॉर्डर रडायला लागला होता, गाणी संथ आणि जड यायची. ताई म्हणाली, "पान्या, शिकतोस ना एवढं? मग दाखव काहीतरी करून." पट्टा सैल झाला आहे हे मी ओळखले, पण नवा मिळेना. म्हणून वेगाचा स्क्रू फिरवला, गाणे कानाला बरे वाटेपर्यंत, आणि तो पुन्हा हलू नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब सोडला. महिन्याने नवा पट्टा मिळाला. तो बसवला. गाणी एकदम तरतरीत वाजू लागली. सगळ्यांनी पाठ थोपटली. स्क्रू मागे फिरवायचा राहिला. 'मापल्याशिवाय हात लावायचा नाही,' असे कार्यशाळेतले सर रोज ओरडायचे. त्यांचे ऐकून मी पुढे हजारो काटे मापले. हा एक मापला नाही. ताईने मात्र त्या तीन टक्क्यांवर भरवसा ठेवला आणि सेहेचाळीस गाणी गळ्यात बसवली. आणि दोन वर्षांनी चाचणीला गेली.

मी झाकण लावले नाही. बायको आली, तिला सगळे सांगितले. ती थट्टा करील असे वाटले होते. तिने माझ्या शेजारी बसून स्क्रूकडे पाहिले.

"आता?"

"आता ते सगळं तीन टक्के पुढं पळवायचं. सर्व्हरवरच्या प्रती नव्यानं करायच्या."

"म्हणजे एवढं बरोबर करून शेवटी चुकीचं लावायचं."

"हो."

"जमेल तुम्हाला?"

ती कामाबद्दल विचारत नव्हती, हे मला समजले.

एका गाण्याची प्रत केली. वेग तीन टक्के जास्त. त्याबरोबर स्वर आपोआप चढला. स्पीकरवर लावून पाहिली. माझ्या कानाला गायिका घाईत असल्यासारखी वाटली, जरा पोरकट, जरा पातळ. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कुठल्याशा अनोळखी माणसाची मी मनोमन क्षमा मागितली. चार खेपांपैकी दोन संपल्या होत्या.

बाई सकाळी दहाला आल्या. त्यांना मी थोडक्यात सांगितले.

"इतक्या बारीक फरकानं अडतं?" त्यांनी विचारले. "माझ्या तर लक्षातही आलं नसतं."

"माझ्याही आलं नाही. सत्तेचाळीस वर्षं."

ताई खुर्चीत बसली. जाड पडदे मी त्या दिवशी मुद्दाम बाजूला केले होते. खिडकीतून तिच्या कुंड्या दिसत होत्या. गाणे सुरू झाले. बाईंनी तिचा डावा हात थोपटायला घेतला. मी तिच्या कपाळाकडे पाहत होतो.

आठी पडली नाही.

पहिली ओळ तिने नुसती ऐकली. मान किंचित कलली, हेडफोनवर दूरचा आवाज लागल्यावर कलायची तशी. दुसऱ्यांदा तीच ओळ आली तेव्हा तिने तोंड उघडले.

"वळ...णावर... थां...बले मी..."

आवाज फाटका होता. 'दिवा'चा 'दिबा' झाला. 'हाती' सांडलेच. पण 'घेउनी' नीट आले, आणि बाई थोपटायचे विसरल्या. बायको दारात उभी होती, तिने पदर तोंडाशी धरला आणि मग रागावल्यासारखी मला म्हणाली, "अहो, थांबवू नका ना ते! पुन्हा लावा!"

पुन्हा लावले. पाच वेळा लावले. पाचव्या वेळी 'थांबले' हा शब्द इतका स्वच्छ आला, की बाईंनी गाणे बंद करायला सांगितले, तिच्या हातावर दोन थापा मारल्या आणि त्याच सुरात तो शब्द नुसताच म्हणायला लावला. गाण्यावाचून. "थां-बले." ताईने म्हटला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिले. तक्त्याची फाइल काखेतून निघालीच नाही.

"घाई नको हं," जाताना त्या म्हणाल्या. "एक शब्द आलाय. उद्या येईलच असं नाही. पण दार उघडलंय. बाकीची गाणी कधी होतील?"

"पंचेचाळीस आहेत. करतो."

त्या गेल्यावर मी ताईच्या समोर स्टूल ओढून बसलो. रेकॉर्डर मांडीवर घेतला होता. झाकण उघडेच होते. शब्द मनाशी जुळवून ठेवले होते, तरी तोंडातून निघताना तेही फाटकेच निघाले.

"ताई, हे बघ. हा स्क्रू मी फिरवला होता. तुझंच नेलपॉलिश. नंतर तो मागं घ्यायला विसरलो. म्हणून सगळी गाणी वर चढली. तू त्या चाचणीत... तू बेसूर नव्हतीस, ताई. एवढीसुद्धा नव्हतीस. तू जे ऐकलंस ते अगदी तसंच गायलीस. चूक माझी होती."

ताईने वाकून त्या लाल ठिपक्याकडे पाहिले. डाव्या हाताचे बोट त्यावर टेकवले आणि नखाने जरासे खरवडले. मग माझ्याकडे पाहिले. तिच्या तोंडावर काय होते ते मला सांगता येणार नाही. राग असेल. पंचविशीतल्या त्या संध्याकाळी आम्ही हसलो होतो, ते तिला आठवत असेल. किंवा तसे काहीच नसेल, आणि हे सगळे मीच तिथे वाचत असेन. इतके महिने मी तिच्या चेहऱ्यावरून अंदाजच बांधत आलो होतो.

तिने हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि बाई थोपटतात तसे दोनदा थोपटले.

"नं...तर," ती म्हणाली.

पण या वेळी तो शब्द तिने म्हटला नव्हता. तो गायला होता. सावकाश, दोन स्वरांवर, पहिला खाली आणि दुसरा वर. कुठल्या पट्टीत, ते मापायला फोन माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही.

"बरं," मी म्हणालो. "नंतर."

बायकोने आतून चहाला हाक मारली. मी रेकॉर्डरचे झाकण बसवले, स्क्रू होता तसाच ठेवून. मग मागच्या खोलीत जाऊन वहीचे दुसरे पान उघडले.